तीन मजले, तीन सेट

माझ्या कमरेचे दोन मणके लोकांच्या मॉनिटरांनी खाल्ले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून विचारलं, "ओझी उचलायचं काम होतं का तुमचं?" मी म्हटलं, "नाही हो, लोकांच्या करमणुकीचं होतं." ते हसले. त्यांना वाटलं असणार, बाई नाटकात वगैरे होती.

कोपरखैरण्यात माझं दुकान होतं. पाटीवर 'टीव्ही, व्हीसीआर, डेक, कॉम्प्युटर – विक्री व दुरुस्ती' असं लिहिलेलं. पुढे 'अपग्रेड' हा शब्द घालायची वेळ आली तेव्हा पाटीवर जागाच उरली नव्हती. पेंटरने तो कोपऱ्यात, मुंग्यांएवढ्या अक्षरांत कोंबला. पण नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध माझा गेला तो त्या कोपऱ्यातल्या शब्दापायीच.

मी मूळची साताऱ्याकडची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. नवरा बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात शिफ्टला. दुकान माझं एकटीचं. लोक आत यायचे, माझ्या डोक्यावरून मागे बघायचे आणि विचारायचे, "मिस्त्री नाहीत का?" "मीच मिस्त्री," असं मी इतक्यांदा म्हटलंय की शेवटी शेवटी त्यात ना राग उरला होता, ना अभिमान. दुकानाची वेळ सांगावी तसं सांगायचे.

अपग्रेड म्हणजे काय, हे ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याचं खोकं. ते उघडायचं, आतला एखादा भाग काढायचा, जास्त ताकदीचा बसवायचा. मेमरी वाढवायची, डिस्क मोठी टाकायची. गाणी ऐकायची तर साउंड कार्ड, सिनेमा बघायचा तर आणखी एक कार्ड, आणि सोबत प्लॅस्टिकचे दोन स्पीकर. सगळं मिळून 'मल्टिमीडिया'. एक भाग नवा टाकला की शेजारचा भाग त्याला पुरा पडायचा नाही. मग तो बदला. मागच्या दिवाळीत "ह्याच्या वर काही नाही" असं सांगून मीच विकलेली वस्तू ह्या दिवाळीत "ही आता चालत नाही" म्हणून मीच उचकटून काढायची. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघायचं. मी स्क्रूकडे बघायचे.

त्यात आमच्याकडची हवा. खाडीचा खारेपणा आणि कारखान्यांचा वायू. स्पीकरच्या तारांची टोकं वर्षभरात काळी पडायची, कार्डांच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं काही धरायचं. निम्म्या 'दुरुस्त्या' म्हणजे खोडरबराने पट्टी घासून पुन्हा बसवणं. गिऱ्हाईकासमोर खोडरबर काढायला लाज वाटायची. एवढी महागाची वस्तू आणि ही बाई शाळेतल्या रबराने घासतेय! एपीएमसीतल्या मसाला मार्केटात एका व्यापाऱ्याची सीडी अडकायची. खोकं उघडलं तर आत मिरचीपूड. मी शिंकतेय, व्यापारी शिंकतोय, आणि तो शिंका आवरत विचारतोय, "मॅडम, व्हायरस आहे का?" न्हावा शेव्याला मालाची कामं करणारे एक गृहस्थ बोटीवरून उतरलेली नवी नवी यंत्रं आणायचे. ती परदेशातल्या निम्म्या दाबाच्या विजेवर चालणारी. आपल्या प्लगला लावली की धूर. त्या धुराचा वास मला अजून लांबून ओळखता येतो.

पण लिहायला बसले ती ह्या लोकांबद्दल नाही. घणसोलीतल्या एका घराबद्दल. त्या घरात मी जवळजवळ पूर्ण दशक ये-जा केली, आणि माझ्या धंद्याचा मला खरा शीण आला तो तिथे.

घर बाळारामदादांचं. जुन्या गावठाणातलं आगरी कुटुंब. भातशेती आणि मिठागर होतं, ते नव्या शहरात गेलं. दादा अंगाने आडवे, आवाजाने त्याहून. तीन मुलगे. थोरला दत्ता, बंदरावर ट्रेलर चालवायला देणारा. मधला रमाकांत, रेती-खडीचा पुरवठा करणारा. धाकटा हरेश, तेव्हा कॉलेजात. आणि आय. दादांची बायको, पण सगळं गाव तिला आयच म्हणायचं. मी पण.

दादांनी माझ्याकडून पहिल्यांदा डेक नेला, दोन मोठ्या खोक्यांचा. बसवून झाल्यावर मी आवाज बेताचा ठेवला, तर ते म्हणाले, "असा नाय. आमचे घरात वाजला तं गल्लीत आयकू गेला पायजे." दारं-खिडक्या उघडून त्यांनी बटण पार शेवटाला नेलं. गल्लीतली पोरं जमली, म्हातारे ओट्यावर येऊन बसले. दादा दाराच्या मधोमध खुर्ची टाकून लग्नघरच्या यजमानासारखे बसले. मला त्यांचा तो आनंद आवडला होता. एकटं ऐकण्यात त्यांना काही अर्थच वाटत नसे.

पुढे हरेशसाठी कॉम्प्युटर आला. त्याला मी मल्टिमीडिया जोडला आणि पडद्याच्या मधोमध, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत सिनेमा लावून दाखवला. दादा पुढे वाकून बघत राहिले.

"यो मानूस अरकत अरकत का चालतंय?"

"मेमरी कमी पडतेय, दादा."

"कोनाची?"

सगळे हसले. आय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती पण हसली. ती नेहमी तिथेच उभी असायची, एक हात चौकटीवर. आत दूध तापत असायचं, बाहेर आमचं काहीतरी चाललेलं असायचं.

जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर दादांनी इमारत बांधली. खाली दुकानाचे गाळे, मागे एक मोठा हॉल आणि दादा-आयची खोली, वर तीन मजले, तीन मुलांचे. त्या हॉलमध्ये होम थिएटर करायचं ठरलं. गिलाव्याआधीच मी भिंतींत नळ्या टाकून तारा ओढून घेतल्या. हे काम मनासारखं झालं, हे मी अजूनही मान वर करून सांगेन. एकही तार दिसत नव्हती.

त्या सेटला पाच स्पीकर असतात. समोर डावा-उजवा, त्यांच्यात गाणी आणि मारामाऱ्या. मधला एक, त्यातून माणसं बोलतात. आणि पाठीमागे दोन, त्यातून आसपासचे आवाज येतात. गर्दी, वारा, मागून येणारी गाडी. शिवाय जमिनीवर एक जाडजूड खोकं, वूफर, घुमारा देणारं. कुठल्या स्पीकरला काय पाठवायचं ते अॅम्प्लिफायर ठरवतो.

पहिल्या दिवशी सिनेमा सुरू झाला आणि मागच्या स्पीकरमधून पावलं वाजली, तसे दादा दचकून उठले, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "मागशी कोन आयलं?"

"मीच हाय," आय म्हणाली.

ती दोन वर्षं बरी गेली. आणि मग दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढा आवाजाचा माणूस, त्याच्या तोंडून नुसता 'अं' निघायचा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी भेटायला गेले. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि हॉलकडे मान वळवली. मी समजले की सेट लाव म्हणताहेत. लावला. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांना आवाज सहनच होत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं काहींना.

गाळ्यांवरून भावांमध्ये आधीच धुसफुस होती. दादांची वाचा गेल्यावर ती उघड झाली. मी बाहेरची, मला सगळं कळायचं कारण नव्हतं. गावातल्या चार मोठ्या माणसांनी बसून मजले, गाळे, जिने, पाण्याची टाकी, सगळ्याची वाटणी करून दिली. राहिला हॉलमधला सेट. त्याच्यासाठी मला बोलावणं आलं.

मी गेले तेव्हा तिघे भाऊ हॉलमध्ये तीन कोपऱ्यांत उभे होते. दत्ता म्हणाला, "मॅडम, तुमी बसवलाय, तुमीच काडा. याचे तीन हिस्से करा."

"दत्ताभाऊ, ह्याचे हिस्से होत नाहीत. एका अॅम्प्लिफायरवर सगळं चालतं. वेगळं केलं तर कोणाचंच वाजणार नाही."

"नाय वाजला तं नाय वाजला," रमाकांत म्हणाला. "हिस्सा तं हिस्सा."

मी कोणाला काय मिळेल ते समजावून सांगत होते. त्यांना वाटत होतं, मी कोणाची तरी बाजू घेतेय. मागचे दोन स्पीकर रमाकांतला नको होते. "नुसता वारा वाजतंय त्यात," तो म्हणाला. शेवटी टीव्ही आणि मधला स्पीकर दत्ताला, अॅम्प्लिफायर आणि पुढचे दोन रमाकांतला, वूफर, मागचे दोन आणि कॉम्प्युटर हरेशला. मी स्टुलावर चढून एकेक स्पीकर उतरवला. स्वतः लपवलेल्या तारा भिंतीतून ओढून बाहेर काढायला गिलावा फोडावा लागला असता, म्हणून टोकं तशीच लोंबत ठेवली. आय दारात उभी होती. आत खोलीतून 'अं, अं' असा आवाज आला तशी ती आत गेली.

पुढच्या महिन्याभरात तिघेही दुकानात येऊन गेले. वेगवेगळे, एकमेकांना न कळवता. प्रत्येकाला आपापला सेट पुरा करून हवा होता. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच.

"त्यानं काय घेतला?"

"भाऊ, ते मी कसं सांगू?"

"बरा, नका सांगू. पन त्याच्यापेक्षा वरचा द्या."

मी दिले. गिऱ्हाईक मागतं, दुकानदार देतो. दत्ताने मोठा अॅम्प्लिफायर घेतला. त्याचा आवाज खाली ऐकू गेला तसा रमाकांत वूफर घेऊन गेला. मग हरेश आला आणि त्याहून मोठा वूफर घेऊन गेला. मग दत्ता परत आला. असं ते फिरत राहिलं. एकाच्या घरी अपग्रेड केलं की दोन घरची गिऱ्हाइकी आपोआप यायची. व्यापारी याला भाग्य म्हणतात. मी मात्र त्या इमारतीचा जिना चढताना रेलिंगला धरून मध्ये उभी राहायला लागले होते. वजनाने म्हणावं तर तेवढं वजन मी दुसरीकडेही उचलत होते.

एका दुपारी आय दुकानात आली. घणसोलीहून रिक्षा करून, एकटी. तिला मी तिच्या घराबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. स्टूल दिलं, तर बसली नाही.

"बाय, तू दिलास ना त्यांना यो? तूच बंद कर."

"आय, दुकानातून माल गेला की तो त्यांचा. मी कसा बंद करणार?"

"म्हातारा निजत नाय," ती म्हणाली. "वरशी धाड धाड. मी कानावर उशी धरतंय त्याच्या, तरी उठतंय. बोलता येत नाय, नुसता बगतंय माज्याकरं. तू येऊन बग तरी."

मी शटर ओढलं आणि तिच्याच रिक्षात बसले.

दादांच्या खोलीत गेल्यावर पहिल्यांदा मला काही कळेचना. गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं. नुसती एक धमक होती. बारीक आवाज भिंतीत अडतो, पण वूफरचा घुमारा अडत नाही. तो फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो, स्लॅबमधून खांबात, खांबातून खाली. तीन मजल्यांवर तीन वूफर थेट फरशीवर ठेवलेले, आणि तिन्हींची धमक उतरत होती त्या एका खोलीत. तीन वेगवेगळे ठेके, एकमेकांत न बसणारे. कपाटाच्या काचा गुणगुणत होत्या. दादा डाव्या हाताने खाटेचा लोखंडी गज घट्ट धरून पडले होते. मी गजाला हात लावला. तो थरथरत होता. मला वाटलं त्यांचा हात थरथरतोय. मग कळलं की खाटच.

रविवार होता, तिघे घरी होते. सेटमध्ये मोठा फॉल्ट आहे, लगेच खाली या, असा मी तिन्ही मजल्यांवर निरोप पाठवला. "वरचं काही बंद करू नका, तसंच चालू राहू द्या," असंही कळवलं. फॉल्ट म्हटल्यावर तिघे धावत आले. वाटणीनंतर बापाच्या खोलीत तिघे एका वेळी आलेले तेव्हाच पहिल्यांदा, असं आय मला नंतर म्हणाली.

"कुटं हाय फॉल्ट?" दत्ताने विचारलं.

मी त्याचा हात धरून खाटेच्या गजावर ठेवला. मी असं कोणाचा हात धरणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी धरला. त्याने हात तसाच राहू दिला. चेहरा उतरला त्याचा. मला वाटलं, झालं काम. मग तो म्हणाला, "यो माजा नाय. यो रमाकांतचा बेस हाय."

"माजा?" रमाकांतने पुढे येऊन गज धरला. "यो हरेशचा. त्यानं नवीन आनलाय, इचारा मॅडमला."

"माझा कमीवर आहे," हरेश म्हणाला. "आदी दत्ता दादुसचा बंद करा, मग मी करतो."

"मी का आदी? तू धाकटा हायस."

"मोठा कोन हाय? मोठ्यानं आदी करावा."

वरचा धमाका चालूच होता, त्यामुळे तिघांना एकमेकांवर ओरडूनच बोलावं लागत होतं. बाप मध्ये पडलेला. त्याची नजर एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. मी दाराशी सरकले. मला कधी एवढं थकल्यासारखं वाटलं नव्हतं. वाटलं, आपण काय करून बसलो, आणि आता इथून घरी तरी कसं जायचं.

आयने मला दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये आणलं. तिथे भिंतीवर मीटरची पेटी होती.

"यातला कंचा कोनाचा?"

मी दाखवलं. वरच्या मजल्यांचे तीन मेन स्विच, तीन फ्यूज. प्रत्येकावर वायरमनने रंगाने नाव घातलेलं होतं, पण आयला वाचता येत नव्हतं.

"काडायचा कसा?"

मी तिच्याकडे बघितलं. तिन्ही माझी गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "आधी हा दांडा खाली. मग ही फ्यूजची चिनी मातीची खटकी सरळ ओढायची. आतल्या पितळेला बोट लावायचं नाही."

तिने दांडा खाली केला, खटकी ओढली. एक. पुढची. त्याच्या पुढची. कोंबडीखालची अंडी काढावीत तशी.

वरचा आवाज थांबला. पंखे थांबले. पाण्याचा पंप थांबला. सगळी इमारत गप्प झाली, आणि त्या शांततेत आतून तिघांचा आवाज आला, अजून धमाक्यावर ओरडत असल्यासारखा, "आदी तुजा बंद कर!" जिन्यात उभ्या असलेल्या सुनांना ऐकू गेला, गाळ्यातल्या गिऱ्हाइकांना ऐकू गेला, रस्त्यावरच्या भाजीवालीने मान वर करून बघितलं. मग तेही गप्प झाले.

आय खोलीत गेली. तिन्ही फ्यूज तिने पदराच्या टोकात घेऊन गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"म्हातारा निजला का ह्या माज्याकरं," ती म्हणाली. "उठला का परत लावीन."

"अगे आय, वर फ्रीज हाय," रमाकांत म्हणाला.

"दूध खाली आन."

"आणि पंखा?"

"म्हातारा निजंपर्यंत तुमी पन बसा हितं. ह्याचा पंखा चालू हाय."

खालच्या मीटरची वीज वेगळी होती. दादांच्या डोक्यावरचा पंखा खरंच चालू होता. तिघे उभेच राहिले. कोणी बसलं नाही. पण गेलंही नाही लगेच. दादांनी गजावरचा हात सोडला. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले, आणि घोरणं सुरू झालं. हरेश सगळ्यात आधी बाहेर पडला, चपला हातात घेऊन.

त्यानंतर मी तिन्ही घरी जाऊन वूफरखाली काथ्याची गादी आणि रबराचे जाड तुकडे घातले. त्याने धमक बरीच कमी होते. हे मला आधी सुचायला हवं होतं का, तर हो. पण तोपर्यंत कोणी मला खालच्या खोलीत नेलं नव्हतं, आणि मीही कधी गेले नव्हते.

आयचा नियम दादा जाईपर्यंत चालला. दुपारी आणि संध्याकाळी फ्यूज तिच्या कमरेला. एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. बाजारात कुठल्याही दुकानात नवा फ्यूज मिळत होता. तिघांपैकी कोणीही आणून लावू शकला असता. कोणीच लावला नाही. आईचा मान होता, की बापाची कीव, की पहिला लावणारा आपण नको एवढंच होतं, मला सांगता यायचं नाही. तिघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतील.

दादा गेले ते दुपारच्या झोपेत. भाऊ एक झाले वगैरे काही नाही. बाराव्यालाही वेगवेगळ्या रांगांत बसले होते. पुढे डीव्हीडीच्या चकत्या आल्या, त्यांचे प्लेअर आले, कॉम्प्युटरवर गाणी आणखी बारीक होऊन मावायला लागली, आणि तिघे पूर्वीसारखेच वेगवेगळे येऊन जाऊ लागले. मी पूर्वीसारखाच माल देत होते. फक्त "त्याच्यापेक्षा वरचा" म्हटलं की मी म्हणायचे, "वरचा नाही. संपलाय." पुष्कळदा तो मागे शेल्फात असायचा.

दादांना जाऊन वर्ष झालं असेल. आय पुन्हा दुकानात आली. म्हटलं, आता काय? ह्या वेळी मात्र ती स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर ठेवली.

"मना येक दे," ती म्हणाली.

"काय, आय?"

"वाजतंय ता. माजा येकटीचा. कोनी हात लावनार नाय असा."

एवढी वर्षं मी त्या घरात जात होते. डेक, कॉम्प्युटर, पाच स्पीकर, तीन सेट. बापाला काय हवं, मुलांना काय हवं, सगळं मला तोंडपाठ होतं. तिला काय ऐकायचंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या घरात कोणी विचारलं असेल असंही वाटत नाही.

"काय ऐकायचंय तुम्हाला?"

तिने विचार केला. "फायटिंग नको. आनि बाप्याचा आवाज नको. चार बाप्ये आयकले आयुक्षभर. बाईचा लाव."

मी एक छोटा कॅसेट प्लेअर काढला, हातात मावणारा. त्याला हेडफोन लावला, मऊ गाद्यांचा. तिच्या अंबाड्यावरून तो नीट बसेना, मग पट्टी मानेमागून घेतली. माझ्याकडे एका जुन्या गायिकेची कॅसेट होती, स्पीकर तपासायला वापरायचे ती. ती घातली आणि आवाज अगदी बारीक ठेवून बटण दाबलं.

आय दचकली. तिने एकदा मागे वळून बघितलं, एकदा वर. मग मोठ्याने विचारलं, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी ओरडून, "भायेर आयकू जातंय का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"म्हंजे मी काय आयकतंय ता कोनाला कललाच नाय?"

मी पुन्हा नाही म्हटलं. ती हसली. डोळे मिटून घेतले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती तिच्याकडे बघायला लागली. मी त्यांना हाताने थांबायला सांगितलं. गाणं मला पाठ होतं, पण आत्ता त्यातलं कुठलं कडवं चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. आयची मान हळूहळू एका बाजूला कलली. मग डोळे न उघडता, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हिचा नवरा गेलेला दिसतंय."

"कशावरून, आय?" मी विचारलं.

पण तिच्या कानांवर त्या दोन मऊ गाद्या घट्ट बसल्या होत्या. तिला माझं ऐकू गेलं नाही.